पहिली रॉड घेताय? पैसे गळाकडून मोजायला सुरुवात करा

भाच्यानं मागच्या आठवड्यात मोबाईलवर एक फोटो पाठवला, मासे धरायची रॉड, दोरी गुंडाळायची रील, चमकणारे रबराचे मासे, वरून बॅग, सगळं मिळून १४ हजारांच्या वर, आणि खाली एकच ओळ, मामा घेऊ का? पोट्ट्यानं आजपर्यंत एकदाही पाण्यात गळ टाकलेला नाही. मी म्हटलं थांब, रविवारी घरी ये, बसून बोलू. तो आला, दोन तास बसलो, आणि मग ऑफिसातल्या दोघांनी पण हेच विचारलं, की सुरुवातीलाच महागडं ब्रँडचं सामान लागते का, म्हणून म्हटलं आता सगळं एकदाच लिहून टाकावं, नागपुरात राहून ज्याला गळानं मासे पकडायला शिकायचंय त्याच्यासाठी.

उत्तर आधीच देतो. नाही, सुरुवातीला महागडा ब्रँड लागत नाही. पण म्हणून मिळेल ते सगळ्यात स्वस्त उचला असंही नाही, कारण तेही मी करून बसलोय. आपण दुकानात गेलो की आधी रॉड हातात घेतो, मग रील गरगर फिरवून पाहतो, आणि शेवटी उरलेल्या ५० रुपयांत गळ आणि दोरी. मासा काही रॉडला तोंड लावत नाही भाऊ, तो गळाला लावतो. म्हणून आधी गळ, मग गाठ, मग दोरी, मग रील आणि सगळ्यात शेवटी रॉड, असं मोजत या. माशाच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं घ्या, आपल्या हाताच्या जेवढं जवळ तेवढं साधं चालते.

तर गळ, ज्याला बरेच जण गरी म्हणतात. याच्या नंबरात सगळे गोंधळतात. १० नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा लहान असतो, म्हणजे आकडा वाढला की गळ बारीक, पण १ नंबरच्या पुढे गेलं की १/०, २/० असं लिहिलेलं असते आणि तिथे आकडा वाढला की गळ मोठा. काठावरच्या तिलापिया माशासाठी ८ किंवा १०, कणकेच्या गोळ्यावर रोहू-मृगळसाठी ६ ते ४, एवढं घरात असलं की पहिलं वर्ष निघते. नॉर्वेच्या मस्टाड कंपनीचे गळ जगभर नावाजलेले आहेत, आणि गळाच्या बाबतीत ब्रँडला पैसे द्यायला माझी अजिबात ना नाही, कारण अख्ख्या पाकिटामागे फरक पडला तर १०० रुपयांच्या आसपास पडते. पाकीट कोणतंही असो, गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ठेवून ओढून पाहा. घसरला तर बोथट, नखात अडकला तर कामाचा. दगडाला घासला की चांगला गळसुद्धा बोथट होतो, म्हणून ही नखाची परीक्षा तलावावर पण मधूनमधून करायची. आणि शिकत असाल तर टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करून टाका, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही आणि तुमच्या बोटात गेला तर डॉक्टरकडे न जाता निघतो.

गाठीला पैसे लागत नाहीत, म्हणून तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. माझे सुरुवातीचे जेवढे मासे सुटले त्यातले निम्म्याहून जास्त गाठीनं सुटले असतील. दोरी परत यायची तर टोकाला शेपटीसारखा वळलेला नायलॉन, म्हणजे तुटली नाही, गाठ सरकली. एकच गाठ शिका पण ती डोळे मिटून आली पाहिजे: गळाच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या छिद्रातून, दोरी काढायची, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढायचं, मग जो मोठा फास तयार होतो त्यातून काढायचं, आणि आता महत्त्वाचं, आवळायच्या आधी गाठ थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करायची. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि नेमका गाठीतच कमजोर होतो. हळू आवळा, टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. भाच्याला मी आधी पायजम्याच्या नाडीवर आणि छत्रीच्या मुठीवर शिकवलं, जाड नाडीत वेढे डोळ्यांनी दिसतात, दहा मिनिटांत जमलं त्याला.

दोरी. आपल्याकडे तंगूस म्हणतात तो साधा एकेरी नायलॉन घ्या, ०.३० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, साधारण ५-६ किलोचा ताण झेलणारा. वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड, खूप मजबूत असते हे खरं, पण ती ताणत नाही, नवशिक्यानं जोरात झटका दिला की सगळा झटका माशाच्या तोंडावर किंवा गाठीवर जातो, आणि गुंता झाला तर तो सोडवता सोडवता ऊन डोक्यावर येते. साधा नायलॉन ताणतो, तुमची चूक पोटात घेतो. कंपनीपेक्षा दोरी ताजी आहे का ते पाहा. नायलॉन उन्हानं मरतो, आणि आपल्या नागपूरचं ऊन काय आहे हे मी सांगायला नको. दुकानाच्या दर्शनी काचेत दोन उन्हाळे काढलेलं रीळ परदेशी ब्रँडचं असलं तरी घेऊ नका, आतल्या खोक्यातलं मागा, आणि मे महिन्यात रॉड-रील गाडीत विसरू नका. वर्षातून एकदा दोरी बदलाच, त्यापुढे ती दिसते चांगली पण भरवशाची राहत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पैसे वाचवायला म्हणून पतंगाचा नायलॉन मांजा रीलवर चढवू नका. मी असं करणारी पोरं पाहिलीत. तो मांजा बंदी असलेला आहे, त्यानं दर संक्रांतीला या शहरात माणसांचे गळे चिरतात, आणि त्याच्यावर काचेचा लेप असतो, तुमचं बोट आणि दोरी ज्यातून जाते त्या रॉडच्या कड्या दोन्ही कापतो.

आता रील. इथे जाहिराती सगळ्यात जास्त फसवतात. खोक्यावर १२ बेअरिंग, १३ बेअरिंग असं ठळक छापलेलं असते आणि माणसाला वाटते जास्त म्हणजे भारी. तसं काही नाही. चार-पाच बेअरिंगची नीट बनवलेली रील ही १३ भंगार बेअरिंगच्या रीलपेक्षा कधीही बरी. हातात घ्या, हँडल हळू फिरवा, कुठे अडकते का, खडखडते का ते पाहा, हँडल बाजूला हलवून पाहा किती ढिलं आहे, दोरी सोडताना उघडायची ती तारेची कमान उघडून बोटानं बंद करा, टक्कन बसली पाहिजे. रीलवर आकाराचा नंबर लिहिलेला असतो, २५०० ते ३००० पुरे. बजेट जरा बरं असेल आणि ब्रँडचीच घ्यायची असेल तर शिमानोची सिएना आहे, ही शिमानो म्हणजे तीच सायकलच्या गिअरवाली, १९२१ ला जपानमध्ये सुरू झालेली. म्हणजे नामांकित कंपन्या पण नवशिक्यासाठी साधं मॉडेल काढतात, तुम्ही थेट वरच्या मॉडेलवर उडी मारायची गरज नाही. पण १२००-१५०० च्या आसपासची एखादी साधी रील वरच्या सगळ्या परीक्षांत पास होत असेल तर तीच घ्या, मी वर्षभर तशीच वापरली.

रील कितीचीही असो, ड्रॅग लावता आला पाहिजे. ड्रॅग म्हणजे मासा जोरात पळाला की रीलनं दोरी किती ताणावर सोडायची ते ठरवणारा नॉब. साधारण नियम असा की दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर ड्रॅग सुटला पाहिजे, म्हणजे दोरी ६ किलोची असेल तर दीड किलोवर. आता दीड किलो मोजायचं कसं? दीड लिटरची पाण्याची बाटली पूर्ण भरा, झाला दीड किलो. रॉड बाजूला ठेवा, नुसती रील हातात धरा, दोरीला बाटली बांधून गॅलरीच्या आतल्या बाजूनं लोंबकळत ठेवा. नॉब आवळत जा, बाटली जागेवर थांबली की परत अगदी थोडा ढिला करा, बाटली हळूहळू, न झटके देता, सरसर खाली जायला लागली पाहिजे. जी रील इथे थांबत-थांबत, धक्के देत दोरी सोडते ती परत करा, पाण्यावर ती नेमकी त्या धक्क्यालाच दोरी तोडेल. हा प्रयोग भाच्यानं पाच वेळा केला, त्याची आई फरशी पुसून राहिली होती तिथेच, शिव्या खाल्ल्या, पण पोरगं शिकलं.

आणि रॉड. माझी पहिली रॉड साडेसहा हजाराची होती, कार्बनची, पिसासारखी हलकी, मी ती घेऊन इतका खूश होतो की रात्री उशाशी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात रामटेकहून परत येताना गाडीचं दार लागलं आणि टोक त्यात सापडलं, कट असा आवाज झाला आणि वरचा चार बोटांचा तुकडा खाली. दुकानात गेलो तर म्हणाले वॉरंटी बनवण्यातल्या चुकीला असते, दाराला नसते. बरोबरच होतं त्यांचं म्हणा, पण माझे पैसे गेले आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचे चार महिने मी पाण्याकडे फिरकलोच नाही, मन उडालं. नंतर ९०० रुपयांची फायबर ग्लासची सात फुटी रॉड घेतली, ती जरा जड आहे, पण तिच्यावर माणसं पाय देऊन गेली, गाडीच्या टपावरून पडली, अजून आहे. कार्बन हलका आणि संवेदनशील असतो, पण ठेच लागली की कडकन जातो, आणि नवशिक्याच्या हातून ठेच लागणारच. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. तारांखालून उभी रॉड घेऊन चालू नका, आणि ढग गडगडायला लागले की कोणतीही रॉड खाली ठेवून निघा, आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला विजा किती पडतात हे दरवर्षी पेपरात येते.

नवी रॉड घेताना कापसाचा छोटा बोळा खिशात न्या. प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवून काढा. कुठे कापसाचा तंतू अडकून राहिला तर त्या कडीला तडा आहे, डोळ्याला दिसत नाही पण दोरी तिथेच कापली जाणार. विशेषतः टोकाची कडी पाहा. दुकानदार बघत राहील, बघू द्या. आणि ती दुर्बिणीसारखी एकात एक जाणारी रॉड, रील-गळ-डबा सगळ्यासकट ६००-७०० रुपयांत मिळणारा सेट, तो मात्र घेऊ नका. दोन-तीन वेळा वापरला की जोड सरकायला लागतात, रीलचं हँडल हलते, आणि पोराला वाटते आपल्यालाच जमत नाही. दोन तुकड्यांची रॉड घ्या.

रॉड-रील लगेच घ्यायचीच नसेल तर त्याहून सोपं आहे. बुरडाकडून आठ-दहा फुटी बारीक, सरळ, वाळलेला बांबू आणा, टोकाला तेवढ्याच लांबीचा तंगूस बांधा, गळ, वजन आणि तरंगणारं काहीतरी, झालं. रील नाही, फेकणं नाही, काठाजवळची तिलापिया आणि लहान मासे यावर आरामात येतात, आणि मासा ओढतो तेव्हा हाताला जे कळते ते रीलवर इतकं कळत नाही. मी तर म्हणतो पहिले दोन महिने हेच करा. वजनासाठी सायकलच्या दुकानातला छोटा नट चालतो. शिसं वापरत असाल तर दातांनी दाबू नका आणि जेवायच्या आधी हात धुवा. तरंगीसाठी वाळलेल्या ज्वारीच्या धांड्याचा आतला पांढरा गाभा घ्या, बोटभर लांब, वरून नेलपॉलिशचे दोन हात मारा नाहीतर तासाभरात पाणी पिऊन बसतो. लाल नेलपॉलिश असेल तर दुरून छान दिसते, फक्त घरी विचारून घ्या.

भाच्याला हे ऐकून जरा कमीपणा वाटला, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून त्याला रापालाची गोष्ट सांगितली. त्याच्या फोटोतल्या सेटमध्ये रापाला कंपनीचा एक नकली मासा होता, चांगलाच महाग. या कंपनीचा पहिला मासा फिनलंडच्या लॉरी रापाला नावाच्या कोळ्यानं १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून चाकूनं कोरला, चमक यावी म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि पाण्यापासून वाचवायला फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. त्याच्याकडे विकत आणायला पैसे नव्हते, पण तो तासन् तास तलावात पाहत बसायचा की मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका कोणाला धरतो, आणि त्याला दिसलं की जो लंगडत, डुलत पोहतो त्याला. तसं डुलणारं लाकूड त्यानं बनवलं. भाचा ज्वारीचा धांडा घेऊन गॅलरीत जाऊन बसला.

आणि हे पाहणंच आपल्याकडे कमी पडते. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असते, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. म्हणून तर मत्स्यपालनवाले हे तिघे एकाच तळ्यात सोडतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. तुमच्या गळाची खोली चुकली तर २० हजाराची रॉड काय करणार? तरंगी एक वीत वर-खाली सरकवून पाहा, २० मिनिटं काही झालं नाही की परत सरकवा. आमिष घरचंच: मळलेली कणीक जरा घट्ट, त्यात शेंगदाण्याची ढेप कुटून आणि चिमूटभर बडीशेप, कार्पजातीच्या, म्हणजे या रोहू-कटल्यासारख्या माशांना वास फार लवकर पोचतो. गोळा हरभऱ्याएवढा, गळाचं टोक किंचित बाहेर. तिलापियाला गांडूळ. मरळ हा वेगळाच विषय आहे, तो गवताच्या कडेला दबा धरून बसतो, बेडकासारख्या दिसणाऱ्या आमिषावर तुटून पडतो आणि धरला की सरळ गवतात घुसतो, त्याला ओढून काढायला जाड ब्रेड आणि दणकट रॉड लागते, तिथे चांगल्या सामानाला पैसे द्यावे लागतात हे मी मान्य करतो. दिवसभर नकली आमिष फेकत फिरणाऱ्याला पण हलकी रॉड लागते, नाहीतर संध्याकाळी मनगट बोलते. पण ती वेळ वर्षभरानं येईल, तोवर तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असेल की आपल्याला काय पाहिजे.

कुठे बसायचं हे विचारूनच बसा. आपल्याकडच्या बऱ्याच तलाव-धरणांचा मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असते, तो त्यांच्या पोटाचा धंदा आहे. काठावर ढिवर किंवा भोई समाजातले काका जाळं नीट करत बसलेले दिसले की आधी रामराम करा, काका इथे गळ टाकला तर चालते का म्हणून विचारा. कधी नाही म्हणतात, तर निघायचं. कधी हो म्हणतात, आणि मग कुठे खोल आहे, कुठे झाड बुडालेलं आहे हे पण सांगतात, जे कोणत्याही दुकानात मिळत नाही. पेंचच्या जंगलातलं तोतलाडोह धरण विसरा, व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. पावसाळ्यात पहिल्या पुराला मासा अंड्यावर येतो, तेव्हा मी स्वतः गळ काढतच नाही. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते आठ, नंतर घरी.

१४ हजारांतले उरलेले पैसे कुठे घालायचे ते पण सांगतो. भाच्याची रॉड ९५०, रील १३००, गळ-दोरी-वजनं मिळून ५०० च्या आत. बाकीच्यातून गळ काढायची लांब नाकाची पकड, रुंद काठाची टोपी, पाण्याची मोठी बाटली, छोटी प्रथमोपचाराची पेटी आणि चांगलं लाइफ जॅकेट घ्यायला लावलं. जॅकेट फक्त नावेत बसायचं असेल तरच नाही, खोल पाण्याच्या निसरड्या काठावर बसायचं असलं तरी घालायचं. वेणा धरणात २०१७ च्या जुलैमध्ये नाव उलटली आणि आपल्याच शहरातली तरणीताठी पोरं गेली, ते मी विसरलेलो नाही. या एका वस्तूत ब्रँड नाही पाहिला तरी चालते, पण ते किती वजनाच्या माणसासाठी आहे तो आकडा आणि शिलाई नीट पाहून घ्या, पट्टे ओढून पाहा.

घरी आल्यावर रॉड ओल्या फडक्यानं पुसा, रील पाण्यात बुडवू नका, नुसती पुसून सावलीत वाळवा, ड्रॅगचा नॉब ढिला करून ठेवा म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत, आणि महिन्यातून एकदा हँडलच्या आणि कमानीच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. तुटलेल्या तंगूसचे तुकडे काठावर टाकू नका, बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायात अडकतात, मी एकदा अर्धा तास बसून एका बगळ्याचा पाय सोडवलाय. खिशात एक रिकामी गोळ्यांची डबी ठेवा, तुकडे त्यात, आणि घरी आलं की कैचीनं बोटभर लांबीचे करून मगच कचऱ्यात.